विधवा हेच कंपनीचं नाव: शॅम्पेनच्या मादाम क्लिको यांची गोष्ट

२०१० च्या उन्हाळ्यात फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या ऑलंड बेटांजवळ पाणबुड्यांना समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं. बाल्टिक समुद्रात सुमारे पन्नास मीटर खोल ते दीडशेहून जास्त वर्षं पडून होतं. त्यात १६८ बाटल्या निघाल्या. बाटल्यांवर लेबल नव्हतं, पण बुचाच्या आतल्या टोकाला डागलेल्या खुणा शाबूत होत्या. त्यावरून कळलं की हा माल फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातला आहे आणि त्यातल्या काही बाटल्या व्हव क्लिको या घराण्याच्या आहेत. पुढच्या वर्षी यातली एक बाटली लिलावात ३० हजार युरोला गेली.

फ्रेंचमध्ये व्हव म्हणजे विधवा. दोनशे वर्षांहून जास्त काळ जगभर विकल्या जाणाऱ्या एका मालाच्या नावातच विधवा हा शब्द आहे, आणि तो कुणी चिकटवलेला नाही, बाईंनी स्वतः लावून घेतलेला आहे. त्यामागचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे.

बार्ब-निकोल पाँसार्दां हिचा जन्म १६ डिसेंबर १७७७ चा, रँस शहरातला. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या शहरात व्हायचा तेच हे रँस. पण शहराचं पोट भरायचं ते लोकरीच्या कापडावर. वडील निकोला पाँसार्दां हे मोठे कापड उत्पादक. म्हणजे ही गोष्ट गरिबीतून वर आलेल्या मुलीची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पैसा होता, ओळखी होत्या. शिवाय वारा कुठून वाहतो ते ओळखण्यात वडील तरबेज होते. ती अकरा वर्षांची असताना, १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. राजेशाहीत मान मिळवलेले पाँसार्दां क्रांतिकारकांच्या बाजूला गेले, पुढे नेपोलियन आला तेव्हा त्याचे झाले, आणि त्याच्याच काळात रँसचे महापौर झाले. क्रांतीच्या धामधुमीत शाळकरी बार्ब-निकोलला घरच्या शिंपिणीनं साधे कपडे घालून जोगिणींच्या मठातून गुपचूप बाहेर काढलं, अशी एक आख्यायिका रँसमध्ये आहे.

१७९८ च्या जून महिन्यात तिचं लग्न फ्रान्सवा क्लिको याच्याशी झालं. सासरही कापडाचंच. सासरे फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये वाइनचा व्यापार सुरू केला होता, पण तो जोडधंदा म्हणून. कापडाचं गिऱ्हाईक आहे तर त्याच्या गळ्यात थोडी वाइनही मारू, एवढाच त्यांचा विचार. मुलाला मात्र वाइनचंच वेड. तो जर्मनी, स्वित्झर्लंडकडे ऑर्डरी गोळा करत फिरायचा. तिकडेच १८०१ च्या सुमारास त्याला लुई बोन नावाचा विक्रेता भेटला. बुटका, जाडा, चार भाषा बोलणारा आणि नकार ऐकून न हटणारा. पुढं या बोनचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे.

ही वाइन होते कशी

बाईंचं मोठेपण कळायला आधी माल कळला पाहिजे. शॅम्पेन हा पॅरिसच्या पूर्वेकडचा थंड प्रदेश. रँस आणि एपर्ने ही दोन मुख्य गावं, मधून वाहणारी मार्न नदी आणि जमिनीखाली पांढऱ्या खडूचा जाड थर. हा खडू पाणी धरून ठेवतो आणि त्यात खोदलेली तळघरं बाराही महिने गार राहतात. द्राक्षं मुख्यतः तीन जातींची: पिनो न्वार, म्युनिए आणि शार्दोने. यातल्या पहिल्या दोन काळ्या. तरीही वाइन पांढरी होते, कारण रंग सालीत असतो, रसात नाही. घड हलक्या हातानं आणि झटपट दाबले की काळ्या द्राक्षाचाही रस फिकट निघतो. फक्त काळ्यांपासून केली तर ब्लाँ द न्वार, फक्त शार्दोनेपासून केली तर ब्लाँ द ब्लाँ. पण बहुतेक माल मिश्रणाचा. या गावची, त्या गावची, या वर्षीची, मागल्या वर्षीची अशा अनेक वाइन एकत्र करून घराण्याची ठरलेली चव जुळवायची, हे इथलं खरं कसब.

बुडबुडे आले ते थंडीमुळे. शरद ऋतूत रस आंबायला लागायचा आणि हिवाळा पडला की आंबणं अर्ध्यावर थांबायचं. वसंतात ऊब आली की उरलेली साखर पुन्हा आंबायची. तोवर वाइन बाटलीत भरलेली असेल तर तयार झालेला वायू जाणार कुठे? तो वाइनमध्येच कोंडला जायचा. सुरुवातीला हा दोष मानला जाई. ओव्हिलेर मठाचे कोठारपाल दों पेरिन्यों यांना शॅम्पेनचा जनक म्हणतात, पण त्यांचा बराच खटाटोप बुडबुडे येऊ नयेत यासाठी होता. पुढे इंग्लंडच्या आणि पॅरिसच्या श्रीमंतांना याच दोषाची चटक लागली. १७२८ मध्ये राजाज्ञा निघाली आणि शॅम्पेनची वाइन पिंपाऐवजी बाटल्यांतून पाठवायला परवानगी मिळाली. तिथून हा व्यापार सुरू झाला.

धंदा मात्र जिवावरचा. आतला दाब वाढला की तळघरात बाटली फुटायची, तिच्या काचेनं शेजारची फुटायची. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. काही वर्षी साठ्याचा मोठा हिस्सा असा फुटूनच जायचा. भांडवल जमिनीखाली गुंतलेलं, ते तयार व्हायला वर्ष दोन वर्षं लागणार आणि त्यात ही गळती. असा व्यवसाय कुठल्याही व्यापाऱ्याची झोप उडवेल.

सत्ताविसाव्या वर्षी

ऑक्टोबर १८०५ मध्ये फ्रान्सवा क्लिको तापानं गेला. तो पस्तिशीही गाठलेला नव्हता. धंद्यातल्या खोटीमुळे त्यानं जीव दिला अशी कुजबुज शहरात होती, कागदोपत्री मात्र तापच नोंदला गेला. मागे सत्ताविशीतली बायको आणि सहा वर्षांची मुलगी क्लेमांतीन. एकुलता एक मुलगा गेल्यावर सासऱ्यांनी वाइनचा व्यापार बंद करायचं ठरवलं.

बाई सासऱ्यांकडे गेल्या आणि धंदा मी चालवते म्हणाल्या.

आता इथे कायदा बघावा लागतो. नेपोलियनचा नागरी कायदा १८०४ मध्ये आला होता. त्यात मुलगी बापाच्या ताब्यात आणि लग्नानंतर नवऱ्याच्या. बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय करारमदार करता येत नसत. विधवा मात्र मोकळी. तिला स्वतःच्या नावावर व्यवहार करता येत होता. म्हणजे बाईंनी दुसरं लग्न केलं असतं तर सही करायचा अधिकार गेला असता. त्यांनी ते कधीच केलं नाही. पतीवरची निष्ठा असेलही, पण व्यवहाराच्या बाजूनं पाहिलं तर विधवा राहणं हाच त्यांचा परवाना होता.

सासऱ्यांनी होकार दिला, पण अट घालून. एकटीनं नाही, जाणत्या माणसाबरोबर चार वर्षं काम करायचं. अलेक्झांद्र फूर्नो या वाइनच्या व्यापाऱ्याशी भागीदारी झाली. सासऱ्यांनी आपला पैसाही घातला. ही चार वर्षं म्हणजे बाईंची उमेदवारीच. मळे, घाणा, पिंपं, मिश्रण, पत्रव्यवहार, वसुली, सगळं त्या शिकल्या.

पण काळ वाईट होता. नेपोलियनची युद्धं चालू, समुद्रावर इंग्रजांचं आरमार. १८०६ च्या नोव्हेंबरात नेपोलियननं इंग्लंडशी व्यापारबंदी पुकारली आणि युरोपभरची बंदरं एकेक करून अडली. परदेशी पाठवलेला माल गोदामात अडकून उन्हानं खराब झाला. बोन रशियापर्यंत जाऊन आला, पण युद्धात शॅम्पेन घेणार कोण? सीमेवर नाकाबंदी झाली की दोन्हीकडच्या बाजारपेठेचं काय होतं ते सीमाभागातल्या व्यापाऱ्यांना वेगळं सांगायला नको. चार वर्षं संपली, फूर्नो बाजूला झाले. ते स्वतःचं काही करू लागले आणि त्यांच्याच घराण्यातून पुढे आजची तेतांजे ही कंपनी उभी राहिली. १८१० मध्ये बाईंनी पेढीचं नाव ठेवलं व्हव क्लिको-पाँसार्दां. नवऱ्याचं आडनाव, वडिलांचं आडनाव आणि त्याआधी विधवा.

धूमकेतूचं वर्ष आणि दहा हजार बाटल्या

१८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला. कित्येक महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. लोकांनी त्याचे हवे ते अर्थ काढले. शॅम्पेनमध्ये मात्र त्या वर्षी द्राक्षं अशी उतरली की म्हातारे शेतकरीही चकित झाले. ही धूमकेतूची वाइन म्हणून ओळखली गेली. पण विकायची कुठे? रशियाच्या झारनं फ्रेंच मालावर बंधनं घातलेली, त्यात १८१२ मध्ये नेपोलियन मॉस्कोवर चालून गेला. उत्तम माल तळघरात आणि गल्ला रिकामा.

१८१४ च्या सुरुवातीला युद्ध थेट दारात आलं. रशियन आणि प्रशियन फौजा शॅम्पेनमध्ये घुसल्या. मार्चमध्ये नेपोलियननं रँस परत घेतलं, काही दिवसांत ते पुन्हा गेलं. एपर्नेमध्ये मोएत घराण्याची तळघरं सैनिकांनी रिकामी केली. बाईंनी आपल्या तळघरांची तोंडं आधीच बंद करून घेतली होती असं सांगतात. जे सैनिकांनी प्यायलं त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. आज फुकट पिणारे उद्या विकत घ्यायला येतील असा त्यांचा होरा होता. नमुना वाटल्याशिवाय गिऱ्हाईक होत नाही हे व्यापाऱ्याच्या मुलीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एप्रिलमध्ये नेपोलियननं गादी सोडली. तह होईल, रशियाची बाजारपेठ खुली होईल हे सगळेच व्यापारी जाणून होते. सगळे वाट बघत थांबले. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी एक डच जहाज भाड्यानं घेतलं, झेस गेब्रूडर्स म्हणजे सहा भाऊ. बंदी अजून उठलेली नव्हती. जूनमध्ये १०,५५० बाटल्या त्यावर चढल्या आणि त्यांच्याबरोबर लुई बोन. मुक्काम ठरला प्रशियाच्या क्योनिग्सबर्ग बंदराचा, म्हणजे आजचं कालिनिनग्राड. ही सगळी तयारी रँसमधल्या कुठल्याच प्रतिस्पर्ध्याला कळू दिली नव्हती.

यात काय पणाला लागलं होतं ते बघा. उन्हाळ्यातला प्रवास, म्हणजे बाटल्या फुटण्याची भीती. बंदी उठली नाही तर माल जप्त. जहाज बुडालं तर सगळंच बुडालं. पेढीची अवस्था अशी होती की हा डाव फसला असता तर दुसरा खेळायला काही उरलं नसतं. जुलैच्या सुरुवातीला जहाज क्योनिग्सबर्गला लागलं. माल शाबूत. इतर फ्रेंच व्यापाऱ्यांची एकही बाटली तिथे नव्हती. गिऱ्हाइकं बोनच्या मुक्कामाला येऊन हुज्जत घालू लागली आणि तो भाव वाढवत गेला. ऑगस्टमध्ये आणखी १२,७८० बाटल्या घेऊन दुसरं जहाज निघालं. इतरांचा माल पोहोचेपर्यंत सेंट पीटर्सबर्गच्या बड्या घरांत क्लिको हे शॅम्पेनचं दुसरं नाव झालं होतं. पुश्किनच्या काव्यात ही विधवा आली आहे, त्यावरून तिथे ती किती रुळली ते कळतं.

काही जण याला नशीब म्हणतात. नशीब होतंच. पण १८११ चा उत्तम माल तीन वर्षं न विकता, न फुटू देता सांभाळून ठेवणं हे नशिबाचं काम नव्हे.

स्वयंपाकघरातलं टेबल

ऑर्डरी आल्या आणि नवी अडचण उभी राहिली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलं की मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो. वाइन गढूळ दिसते. हा गाळ काढायला त्या काळी वाइन एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतत. त्यात वायू उडून जायचा, वाइन वाया जायची आणि वेळ लागायचा तो वेगळाच. मागणी हजारोंची आणि हातानं गाळणं असं.

१८१६ च्या सुमारास बाईंनी तळघरात प्रयोग केले. घरातल्या टेबलाला भोकं पाडून त्यात बाटल्या उलट्या उभ्या केल्या. रोज थोडं हलवायचं, थोडं फिरवायचं. सहा-एक आठवड्यांत सगळा गाळ घरंगळत बुचापाशी येतो. मग बूच काढलं की आतल्या दाबानं गाळ उडून बाहेर पडतो, वाइन स्वच्छ राहते. वर थोडी साखर घातलेली वाइन भरायची आणि नवं बूच ठोकायचं. तळघरप्रमुख आंत्वान म्युलर यांनी ही भोकं तिरकी पाडून पद्धत पक्की केली. सगळं श्रेय एकट्या बाईंना देणाऱ्या गोष्टीत म्युलर यांचं नाव गळतं, ते गळू नये. काही वर्षं ही युक्ती घराबाहेर गेली नाही आणि प्रतिस्पर्धी डोकं खाजवत बसले. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात, पण तत्त्व तेच आहे.

१८१८ मध्ये आणखी एक बदल. गुलाबी शॅम्पेनला तेव्हा एल्डरबेरीच्या फळांचा रंग द्यायची चाल होती. बाईंनी बूझी गावच्या आपल्या मळ्यातली लाल वाइन पांढऱ्यात मिसळून रोझे केली. शॅम्पेनची रोझे आजही बरीचशी अशीच होते.

आता पुन्हा समुद्रातल्या त्या बाटल्यांकडे. शास्त्रज्ञांनी वाइन तपासली तेव्हा लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर निघाली. आज सर्वात खपणाऱ्या ब्रूत प्रकारात १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. म्हणजे तेव्हाची शॅम्पेन आजच्या कोला पेयापेक्षाही गोड. रशियनांना तर याहून गोड हवी असे, तीनशे ग्रॅमपर्यंत. इंग्रजांना कमी गोड. बाईंची पेढी देशागणिक साखर ठरवून माल पाठवायची. आज बाटलीवर ब्रूत, सेक, दमी-सेक, दू असे शब्द दिसतात ती याच साखरेची चढती भाजणी. कोरडी ब्रूत रूढ झाली ती बाईंच्या मृत्यूनंतर, आणि त्यात मोठा वाटा दुसऱ्या एका विधवेचा. मादाम पोमेरी यांनी १८७४ ची कोरडी शॅम्पेन इंग्लंडच्या बाजारात आणली.

१८२१ मध्ये लुई बोन वारला. ऱ्हाइन नदीच्या पुलावरून घसरून तो पाण्यात पडला. वीस वर्षं बाईंच्या मालासाठी युरोप पालथा घातलेला माणूस असा गेला. त्याच वर्षी एदुआर्द वेर्ले नावाचा विशीतला जर्मन तरुण पेढीत नोकरीला लागला.

बाईंच्याही चुका झाल्या, आणि त्या मोठ्या होत्या. यश डोक्यात गेलं म्हणा किंवा बापाचा वारसा म्हणा, त्यांनी कापडाच्या व्यवसायात पैसा घातला, १८२२ मध्ये बँकही काढली. १८२८ मध्ये पॅरिसची एक मोठी पेढी बुडाली आणि तिच्यात अडकलेल्या पैशामुळे रँसमधली बाईंची पतही डळमळली. बाई त्या वेळी गावात नव्हत्या. वेर्लेनं स्वतःची ऐपत पणाला लावून पॅरिसहून पैसा उभा केला आणि ठेवीदारांना रोख परत दिले. १८३१ मध्ये तो भागीदार झाला. बँक आणि कापड बंद, फक्त शॅम्पेन. आधी ज्याच्यावर बाईंचा जीव होता तो केस्लर १८२६ मध्येच बाहेर पडून जर्मनीत एसलिंगेनला स्वतःची फसफसती वाइन करू लागला होता. ती पेढीही आज चालू आहे.

सगळ्यात बोचरी बाब घरातली. मुलगी क्लेमांतीन हिला त्यांनी धंद्यात आणलंच नाही. १८१७ मध्ये तिचं लग्न लुई द शव्हिन्ये या सरदाराशी लावलं. नाव मोठं, खिसा फाटका. जावई जुगारी आणि उधळ्या, चावट पद्यकथा लिहिणारा. त्याची कर्जं सासूबाई फेडत राहिल्या. नातीच्या लग्नानंतर बूर्सो गावात त्यांनी प्रचंड वाडा बांधला. स्वतः खातेवही सांभाळून मोठ्या झालेल्या बाईनं मुलीला आणि नातीला सरदारणी केलं आणि पेढी ठेवली वेर्लेच्या हाती. हे आजच्या डोळ्यांना खटकतं. पण त्यांच्या काळी श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीनं धंदा करणं हे लग्नाच्या बाजारात कमीपणाचं होतं, आणि बाजार त्यांना चांगला कळत होता.

१८४१ मध्ये त्या कारभारातून निवृत्त झाल्या, तरी पेढीवरची नजर हटली नाही. पणती ॲन जन्मली १८४७ मध्ये आणि पणजीच्या मायेत वाढली. लेऑं कॉन्ये यांनी काढलेल्या चित्रात जाड्या, करड्या चेहऱ्याच्या बाई खुर्चीत आहेत आणि पायाशी ही पणती बसलेली आहे. हीच ॲन पुढे उझेसची डचेस झाली आणि फ्रान्समध्ये मोटार चालवण्याचा परवाना घेणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक ठरली. जास्त वेगाबद्दल दंडही भरला. पणजीचा गुण दोन पिढ्या टाळून तिसरीत उतरला म्हणायचा.

२९ जुलै १८६६ रोजी बूर्सोच्या वाड्यात मादाम क्लिको वारल्या. वय ८८. पेढी वेर्लेकडे गेली. आज ओळखीचं झालेलं पिवळं लेबल १८७७ मध्ये नोंदलं गेलं, म्हणजे ते बाईंनी पाहिलेलं नाही.

त्यांच्या मागे शॅम्पेनमध्ये सीमाप्रश्नही पेटला, आणि तो आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचा वाटेल. १९०८ मध्ये सरकारनं शॅम्पेनची हद्द आखली आणि दक्षिणेकडच्या ओब जिल्ह्याला बाहेर ठेवलं. त्या रेषेवरून १९११ मध्ये दंगली झाल्या, मार्न खोऱ्यात तळघरं फोडली गेली, लष्कर आणावं लागलं. १९२७ च्या कायद्यानं ओबला आत घेतलं. त्या रेषेच्या बाहेर कुणी तशीच वाइन केली तरी तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. व्हव क्लिकोची आजची मालक असलेली एलव्हीएमएच ही फ्रेंच कंपनी नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला शांदों नावानं फसफसती वाइन करते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचं, गाळ बुचापाशी आणायचा आणि उडवायचा, पद्धत हीच. लेबलवर मात्र स्पार्कलिंग वाइन एवढंच लिहितात.